मागच्या खोलीचं कनेक्शन

आमच्या ह्यांना सगळे लाइनमन म्हणतात. नोकरी सुटून नऊ वर्षं झाली, तरी भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत जो तो 'काय लाइनमन, कसं काय?' असंच विचारतो, आणि हेही असे ताठ उभे राहतात की जणू खांद्यावर अजून शिडी आहे. छत्तीस वर्षं ह्यांनी टेलिफोनच्या तारा ओढल्या. या भागातल्या कुठल्या घरात पहिला फोन कधी वाजला हे ह्यांना तोंडपाठ आहे. माझा वाढदिवस मात्र मला स्वतःच कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवावा लागतो. अशा माणसाच्या घरात, पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत इंटरनेट नेता नेता तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत मी किती वेळा कपाळाला हात लावला ते विचारू नका.

आमचं घर लांबट आहे. एकामागे एक चार खोल्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या. रस्त्याकडच्या पहिल्या खोलीत कंपनीच्या माणसाने राउटर लावून दिला, कारण त्याची तार तिथपर्यंतच पुरली. आत न्यायची तर अर्ज करा, म्हणाला, आणि अर्ज कुठे करायचा ते न सांगता गेला. दुसऱ्या खोलीत नेट छान चालायचं. तिसऱ्या खोलीत ते धापा टाकायचं. चौथी खोली आम्ही नंतर वाढवली, त्यामुळे तिसरी आणि चौथी यांच्यामधली भिंत ही घराची जुनी बाहेरची भिंत, दीड हात जाड. त्या भिंतीपुढे मोबाइलवर एक दांडी दिसायची, तीही तिच्या मनात आलं तर.

ही चौथी खोली माझ्या नणंदेची. ह्यांची ती धाकटी बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते, म्हणजे लिहिताना म्हणते. एरवी हाक मारायचा प्रश्नच येत नाही, कारण त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. तीस वर्षं त्यांनी छापखान्यात पुस्तकं बांधली आणि आता घरीच बांधतात. वाचनालयांची फाटकी पुस्तकं येतात, वन्सं ती उसवतात, पानं जुळवतात, दोऱ्याने शिवतात, पाठीला खळ लावून वजनाखाली ठेवतात. खोलीत एकच मोठं टेबल, तेही खिडकीला चिकटून. सकाळी त्या टेबलावर असा स्वच्छ उजेड असतो की सुईत दोरा ओवायला चष्मा लागत नाही.

वन्संच्या भाषेत माणसांना खुणेची नावं असतात. ह्यांचं नाव, दोन्ही हातांनी शिडी चढायची. माझं नाव, नाकाच्या शेंड्यावर बोट. लग्नानंतर आठवड्याभरातच त्यांनी ते ठेवलं. राग माझ्या नाकावर असतो हे ओळखायला त्यांना कान लागले नाहीत. आणि त्यांच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचं नाव, गालात बोट रुतवायचं, कारण हसली की तिच्या गालाला खळी पडते. म्हणून मी तिला खळीच म्हणते.

खळीलाही ऐकू येत नाही. मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेच्या वसतिगृहात दोघींच्या कॉटा शेजारी शेजारी होत्या. पुढे दोघी एकाच गावात राहिल्या, दर आठवड्याला भेटायच्या, आणि त्यांच्या हातांचा पट्टा सुरू झाला की मी चहा ठेवून बाजूला व्हायची. दोन वर्षांपूर्वी खळीचा मुलगा तिला आपल्याकडे घेऊन गेला, फार लांब. तिथून ती रोज व्हिडिओ कॉल करू लागली. आणि मग तिच्या डोळ्यांचं निघालं. नजर चारी बाजूंनी आत येत चालली आहे. समोरचं तेवढं दिसतं, कडेचं दिसत नाही, आणि ते समोरचंही हळूहळू जाणार. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने, फार तर आठ. त्यातले दोन उलटले होते.

जिला ऐकू येत नाही तिचे डोळे गेले की तिच्याशी बोलायचं कसं, हा विचार मी दोनदा सुरू केला आणि दोनदा अर्ध्यावर सोडून भांडी घासायला गेले.

मेसेज का नाही पाठवत, असं लोक विचारतात. अहो, बारीक अक्षरं खळीला आता दिसत नाहीत. आणि दिसत होती तेव्हाही त्या दोघींची भाषा हातांची. लिहिलेलं त्यांना परक्याच्या घरी पाहुणी म्हणून बसल्यासारखं वाटतं. मग पुढच्या खोलीत बसून का नाही बोलत? बोलल्या की, बरेच दिवस बोलल्या. पण पुढच्या खोलीत उजेड दारातून पाठीमागून येतो, त्यात वन्संचे हात काळे दिसतात, खळीला काही कळत नाही. आणि दुसरं कारण मी सांगते, कारण ते कारण मीच आहे. हातांच्या भाषेत कुजबुजता येत नाही. मला ती भाषा येते. मी कोथिंबीर निवडत समोर बसले की मला सगळं कळतं, कळून घ्यायचं नसलं तरी. खळी एकदा म्हणाली, 'मला भीती वाटते, पण मुलासमोर दाखवत नाही.' वन्संनी चटकन माझ्याकडे बघितलं. मी कोथिंबिरीत मान घातली, पण व्हायचं ते झालं होतं. दुसऱ्या दिवसापासून वन्सं टॅब घेऊन मागच्या खोलीत जाऊ लागल्या, आणि त्या एका दांडीवर त्यांचं बोलणं दर दोन मिनिटांनी गोठायला लागलं. खळीचा हात हवेत अडकून राहायचा. वाक्य सुरू झालेलं, पुढचं काहीच नाही.

लांबच्या शहरात असलेल्या आमच्या लेकीने फोनवर सांगितलं, "बाबा, सोपं आहे. माझा जुना राउटर पाठवते, तो आत्याच्या खोलीत लावा. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत वायर ओढा, झालं."

वायर ओढा म्हणताच ह्यांचा चेहरा असा उजळला की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

हे माळ्यावर चढले आणि तारेचं एक वेटोळं घेऊन उतरले. काळी, टेलिफोनची तार. नोकरीतल्या शेवटच्या दिवशी साहेबांनी आठवण म्हणून दिलेली. पुढे दोन दिवस घरात हातोडीचा आवाज. तार छताच्या कडेने चालली, दाराच्या चौकटीवरून वळली, दर वीतभर अंतरावर एक क्लिप, एकही वाकडी नाही. जाड भिंतीला भोक पाडताना वन्संच्या सगळ्या पुस्तकांवर विटेची लाल धूळ बसली. त्यांनी नुसतं बघितलं आणि फडकं उचललं. दुसरा राउटर ह्यांनी खिडकीशेजारी चार स्क्रू मारून भिंतीवर पक्का केला. चालतो की नाही ते बघायच्या आधी.

"आधी लावून तर बघा," मी म्हटलं.

"गिऱ्हाइकाच्या घरी काम अर्धवट ठेवत नसतात," हे म्हणाले.

चालला नाही. दिवा लागला, पण लाल. ह्यांनी तार इकडून तपासली, तिकडून तपासली, टोकं कापून पुन्हा जोडली. तिसऱ्या दिवशी लेकीने व्हिडिओवर तार बघितली आणि तिच्या तोंडून किंकाळीच निघाली.

"बाबा, ही फोनची वायर आहे! यात दोन पदर असतात, याला आठ लागतात."

"आठ कशाला?" हे चिडले. "दोन पदरांवर अख्खं गाव बोललं. लग्नं जुळली, बाळंतपणं कळवली, माणसं गेली ते कळवलं. कुणाला तिसरा पदर लागला नाही."

"बाबा, ते बोलणं होतं. हे चित्र आहे."

"तार ही तार असते."

पुढचे चार दिवस ह्यांनी त्या तारेची बाजू सोडली नाही. दिवा लाल तो लालच. राउटर खराब आहे, प्लग खराब आहे, लेकीच्या शहरातली हवा दमट असते त्याने आतून गंजला असेल. मी हात टेकले. मी इतकंच म्हटलं की तिकडे एका बाईचे दिवस चाललेत आणि तुम्ही तारेची वकिली करताय. हे जेवणावरून उठून गेले. रागाने नाही, लाज वाटून. मला फरक कळतो. दुपारी बाजारात जाऊन आठ पदरांची केबल घेऊन आले, आणि ते सुंदर काळं काम क्लिप क्लिप करून उतरवलं. एकेक क्लिप काढताना हे काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही, आणि माझ्यासाठी ते सोपं नव्हतं.

नवी केबल लागली. दिवा हिरवा झाला. मी देवाचं नाव घेणार इतक्यात माझ्या मोबाइलवरचं नेट गेलं. पुढच्या खोलीतलं, जे आजवर कधी गेलं नव्हतं ते.

"दोघं भांडतायत," लेक म्हणाली. "घरातल्या प्रत्येक मोबाइलला राउटर एक नंबर देतो, नंबर मिळाला तरच नेट चालतं. आता दोघंही आपापले नंबर वाटत सुटलेत. घरात कारभारी एकच हवा. दुसऱ्याला सांगा, तू वाटू नकोस, आलेलं फक्त पुढे दे."

"म्हणजे माझ्यासारखं," हे म्हणाले. गेल्या पंधरा दिवसांतला ह्यांचा तेवढाच विनोद.

पण त्या दुसऱ्याला सांगायचं तर त्याच्या आत शिरायला पासवर्ड हवा. पासवर्ड कुठे? राउटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर. पाठ कुठे? भिंतीला, चार स्क्रूंच्या आड. मी फक्त स्क्रूड्रायव्हर आणून ह्यांच्या हातात दिला, आणि वन्संनी शिवता शिवता नाकावर बोट ठेवलं. त्या मला चिडवत होत्या, आणि खरंच सांगते, त्या वेळी माझं नाव मला अगदी शोभत होतं.

चिठ्ठीवरचा शून्य आहे की ओ, यात एक सकाळ गेली. मग ह्यांच्याकडून भलतंच काही दाबलं गेलं आणि राउटर मुका झाला. मग टाचणीने त्याच्या पोटातलं बटण दाबून त्याला जन्मल्या दिवशी होता तसा केला आणि पुन्हा पहिल्यापासून. मध्येच कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई बावीस मिनिटं सांगत राहिली. शेवटी लाइनवर एक माणूस आला.

"सर, पुढच्या राउटरवर हिरवा दिवा आहे ना? मग आमच्या बाजूने लाइन ओके आहे."

"मागे चित्र अडकतं हो," हे म्हणाले.

"आवाज येतोय ना पण? आवाज आला तर बोलणं होतं ना, सर?"

मी ह्यांच्या हातातून फोन हिसकावून घेतला. "ज्यांना बोलायचंय त्यांना ऐकू येत नाही! आवाज घेऊन काय करायचाय त्यांनी?"

मग तो म्हणाला, "मॅडम, मग तुम्ही त्यांना मेसेज करायला सांगा ना." मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

अखेर दुसऱ्या राउटरचं वाटप बंद झालं. दोन्हीकडे हिरवे दिवे, भांडण मिटलं. हे टॅब घेऊन मागच्या खोलीत उभे राहिले आणि लेकीला कॉल लावून मोठ्याने म्हणाले, "हॅलो, हॅलो, येतंय का ऐकू?" छत्तीस वर्षं प्रत्येक घरात फोन बसवून झाला की ह्यांनी हेच म्हटलं आहे. लेक म्हणाली, "खणखणीत येतंय बाबा!" ह्यांनी टॅब वन्संच्या हातात दिला, अंगठा वर केला, आणि पुढच्या खोलीत येऊन पाय पसरून बसले. काम झालं.

दहा मिनिटांत वन्सं बाहेर आल्या. टॅब ह्यांच्या मांडीवर टाकला. पडद्यावर खळी होती, गोठलेली, हात गालाशी, तोंड अर्धवट उघडं. वन्संचे हात रागाने एकमेकांवर आपटत होते. ह्यांना कळेना. हे माझ्याकडे बघायला लागले, आणि इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी, जी मला गेली चौतीस वर्षं सलत आली आहे. ह्यांना बहिणीची भाषा येत नाही. जेवलीस का, पाऊस आला, डॉक्टरकडे जायचंय, अशा पंधरा-वीस घरगुती खुणा येतात, लहानपणापासूनच्या. बाकी सगळं मी. अख्ख्या गावाला एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या माणसाला सख्ख्या बहिणीशी बोलायला मध्ये बायको लागते. यावरून मी भांडले आहे, रुसले आहे, खुणांची चित्रं काढलेल्या वह्या आणून दिल्या आहेत. हे म्हणतात, माझी बोटं तारेची आहेत, वळत नाहीत.

"काय म्हणतेय?" ह्यांनी विचारलं.

मी सांगितलं, शब्दाला शब्द. "म्हणतायत, तू कानाने तपासलंस. माझी लाइन तू कानाने तपासलीस."

ह्यांचा चेहरा बघून मला ते सांगितल्याचं वाईट वाटलं, आणि लगेच, न सांगून काय होणार होतं, असंही वाटलं.

मला तेव्हा आमच्या घरी फोन आला तो दिवस आठवला. मी नवी नवरी होते. ह्यांनी स्वतःच्या घरची लाइन स्वतः ओढली होती. रिसीव्हर एकेकाच्या हातात फिरत होता, पलीकडून ऑफिसातला कुणी मित्र हॅलो हॅलो करत होता, आणि सगळे लाजत हसत होते. वन्संनी हात पुढे केला. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला, बराच वेळ तसाच धरला. मग तो उलटा करून त्याच्या भोकांतून आत बघितलं. मग परत दिला, तळहातावर बोट टेकवून तो हात रिकामा झटकला. आत कोणी नाही. ही त्यांची घरगुती खूण, रिकाम्या डब्यासाठी, रिकाम्या खोलीसाठी. सगळे पोट धरून हसले, वन्संही हसल्या. हे हसले नाहीत. त्यानंतर मी ह्यांना वन्संसमोर फोनवर बोलताना कधी पाहिलं नाही. फोन वाजला की लांब वायर ओढत बाहेरच्या पायरीवर जायचे. मी कारण विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे माझ्याआधी उठून टॅब घेऊन बसलेले. लेकीला उठवून विचारून झालेलं. दोष केबलचा नव्हता, राउटरचाही नव्हता. दोन्ही राउटरना आम्ही एकच नाव दिलं होतं, आणि वन्संचा टॅब मागच्या खोलीत जाऊनही पुढच्या राउटरलाच धरून बसायचा, भिंतीपलीकडून, त्या एका दांडीला. आवाजाला तेवढं पुरतं. चित्राला पुरत नाही. शेजारी हिरवा दिवा लावून बसलेल्या नव्या राउटरकडे तो ढुंकूनही बघत नव्हता. कानाने तपासलं तर हे कधीच कळलं नसतं.

"दुसऱ्याला वेगळं नाव द्यायचं," हे मला म्हणाले. "आणि टॅबला पहिल्याचं नाव विसरायला लावायचं. तिला विचार, काय नाव देऊ?"

"तुम्ही विचारा," मी म्हटलं. मी मुद्दामच म्हटलं.

हे मागच्या खोलीत गेले. मी दारात. ह्यांनी राउटरकडे बोट दाखवलं, मग वन्संकडे, मग हवेत लिहिल्यासारखं केलं, मग दोन्ही हात पसरून भुवया उंचावल्या. व्याकरणाच्या नावाने आनंद होता, पण वन्संना समजलं. त्यांनी खळ लागलेला हात फडक्याला पुसला, टॅब जवळ घेतला आणि इंग्रजी अक्षरं एकेक शोधत दाबली. 'माझा फोन.' आयुष्यातला पहिला, वय वर्षं अठ्ठावन्न.

मग तपासणी. ह्यांनी मला मोबाइल देऊन पुढच्या खोलीत बसवलं आणि स्वतः टॅबसमोर, मागच्या खोलीत. "मी बोटं दाखवतो, तू आकडा ओरडायचा. आवाज बंद ठेव." मी आवाज बंद केला. पडद्यावर ह्यांचे दोन्ही हात.

"तीन!" मी ओरडले. "पाच! दोन! सात!"

बोटं भराभर बदलू लागली. माझा घसा दुखायला लागला. शेजारीण दारात येऊन विचारून गेली, घरात काय शिकवणी सुरू केलीत का. मी तिला काय सांगणार? "चार! नऊ! एक! अहो, पुरे की!" पण हे थांबेनात. हात उंच, हात खाली, हात गालाशी. वन्संनी मध्येच ह्यांना बाजूला सारलं आणि स्वतः समोर बसल्या. एरवी त्यांचे हात कंबरेपासून डोक्यापर्यंत फिरतात. आता एवढ्याशा ताटलीत मावतील असे हात हनुवटीखाली जवळ धरून त्या बोलल्या. खळीच्या उरलेल्या नजरेत बसावं म्हणून हे त्यांनी आपलं आपण शिकून घेतलं होतं. मी पहिल्यांदाच बघत होते. त्या म्हणाल्या, 'नाकावर बोट, तुला मी नीट दिसते का?' एकही हात अडकला नाही. मी ओरडले, "दिसताय!" आणि मग ध्यानात आलं की ओरडून उपयोग नाही, म्हणून हातांनी सांगितलं.

अकरा वाजता खळीचा कॉल यायचा होता. हे पावणेअकरापासून घरभर फिरून सांगत होते, आता कुणी नेट वापरायचं नाही. घरात कुणी म्हणजे मी. अकराला टॅब उजळला. हे खोलीच्या दारात उभे होते. वन्संनी मान वर करून ह्यांच्याकडे बघितलं, आणि दाराकडे बोट दाखवलं.

"चला बाहेर," मी म्हटलं.

"कळलं मला," हे म्हणाले. "जोडून झालं की गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकत थांबायचं नसतं. एवढं मला शिकवू नकोस." आणि ह्यांनी स्वतः दार लावून घेतलं, हळू, आवाज न करता. वन्संना आवाजाने काय फरक पडणार होता?

पाऊण तास झाला. हे खुर्चीत बसले होते, हातावर हात. पेपर उघडला नाही. दोनदा उठून पुढच्या राउटरचे दिवे बघून आले. मीच शेवटी वैतागून म्हटलं की तुमच्या बघण्याने दिवा जास्त हिरवा होणार नाही. सव्वा तास झाला. एरवी दर दोन मिनिटांनी उघडणारं ते दार एकदाही उघडलं नाही.

साडेबाराच्या सुमाराला वन्सं आल्या. डोळे लाल, नाक पुसत, पण चेहरा लख्ख. खळी काय म्हणाली, ह्या काय म्हणाल्या, मला आजही माहीत नाही, आणि मी विचारणार नाही. त्या माझ्याजवळ आल्या नाहीत. सरळ ह्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. टॅब उचलून कानाला लावला, रिसीव्हर लावतात तसा, आणि बराच वेळ तसाच धरला. मग तो खाली घेतला, आडवा धरून आत बघितलं. तळहातावर बोट टेकवलं. हात झटकला नाही. तेच बोट उचलून गालात रुतवलं.

ह्यांना मला काही उलगडून सांगावं लागलं नाही. हे उठले, कोपऱ्यातली शिडी घेतली, तिसऱ्या खोलीच्या दारावर लावली आणि वर चढून, आमच्याकडे पाठ करून, अजिबात न हललेली एक क्लिप ठोकत राहिले.